उलटीच्या गोळीने मान वळली : गरोदरपणातील औषधांची भीती कशी घालवावी?

केतकीवन (इंदिरानगर)
११ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार. मी येथे बहुतेक वेळा वाचूनच निघून जाते, पण आज लिहिल्यावाचून झोप लागेल असे वाटत नाही. मला बारावा आठवडा सुरू आहे आणि पहिलेच बाळंतपण आहे. सहाव्या आठवड्यापासून उलट्यांनी असे धरले की दिवसातून दहा-बारा वेळा मोरीकडे धावावे लागे, आणि खालच्या मजल्यावर कांद्याची फोडणी पडली की तिचा वास जिना चढून वर येण्याआधीच मला कळत असे. वजन ५४ किलोवरून ५० वर आले, लघवीत कीटोन (पोटात अन्न टिकत नसल्याची खूण) दिसले, तेव्हा जवळच्या एका नर्सिंग होममध्ये सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या, शिरेतून उलटीचे इंजेक्शन दिले आणि त्याच औषधाच्या गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायला सांगून घरी पाठवले. औषधाचे नाव मेटोक्लोप्रामाइड. त्या दिवशी मला ते वाचताही आले नव्हते. आता झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गोळी घेऊन तासभर झाला असेल. मी ताटात वरणभात कालवत होते, आणि हनुवटी आपोआप डाव्या खांद्याकडे ओढली जाऊ लागली. मान अवघडली असेल असे वाटून मी हाताने ती सरळ केली, तर ती पुन्हा वळली. मग जबडा एका बाजूला सरकून घट्ट बसला, जीभ तोंडात मावेनाशी झाली, आणि डोळे वर छताकडे ओढले गेले. मी पंख्याच्या पात्यांकडे पाहत होते आणि काही केल्या मला खाली ताटाकडे पाहता येत नव्हते. शुद्ध पूर्ण होती. सासूबाई काय म्हणत आहेत ते सगळे ऐकू येत होते, फक्त उत्तर देता येत नव्हते.

त्यांना वाटले फिट आली. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला, म्हणजे ज्याच्या वासाने मी महिनाभर बेजार होते नेमका तोच. कोणी मीठ-मिरच्या ओवाळल्या. यजमान अंबडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला होते, म्हणून धाकट्या दिरांनी रिक्षा आणली, आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलवर थांबलेली ती दोन-तीन मिनिटे मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्या वेळी मला खात्री वाटत होती की बाळ तर गेलेच आणि आता मीही जाणार.

रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘कालपासून कोणते नवीन औषध घेतले?’ सासूबाईंनी घाईत फाइलबरोबर गोळ्यांची पट्टीही पिशवीत टाकली होती. ती पाहून ते म्हणाले, ‘ही फिट नाही. हे या गोळीमुळे झाले आहे, उतरेल.’ त्यांनी प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले, पंधरा-वीस मिनिटांत जबडा सैल झाला, डोळे जागेवर आले आणि मी तेथेच झोपी गेले.

या गोष्टीला आता दोन आठवडे झाले. शरीरात तेव्हाचे काहीही उरलेले नाही, मनातून मात्र ते जात नाही. रोज रात्री मी जबड्यावर बोटे ठेवून तो हलतो का ते तपासते. त्या दिवसापासून मी सर्व गोळ्या बंद केल्या आहेत. फॉलिक ॲसिड आणि लग्नाआधीपासून चालू असलेली थायरॉइडची गोळीसुद्धा. घरी हे कोणालाही माहीत नाही. उलट्या थोड्या कमी आहेत, पण थांबलेल्या नाहीत. बाळावर परिणाम झाला असेल का, पुढे औषध घ्यायचे की नाही, आणि ही भीती घालवायची कशी, हे कोणाला सांगता येईल का? एक तक्रारही लिहून ठेवते : ‘मान किंवा जबडा ओढल्यासारखा वाटला तर गोळी बंद करून लगेच या’, एवढे एक वाक्य कोणी आधी सांगितले असते, तर मी घाबरले असतेच, पण मरणार आहे असे मला वाटले नसते.

जुनी_सिस्टर (नाशिकरोड)
१२ मार्च, सकाळी ६:०५

बाळा, सर्वांत आधी थायरॉइडची गोळी. बाकीचे सावकाश वाचलेस तरी चालेल, पण आज दवाखाना उघडताच तुझ्या डॉक्टरांना फोन कर आणि दोन आठवडे गोळी घेतलेली नाही हे न लाजता सांग. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेशी काम करत नसते, ते आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते आणि त्याच्या मेंदूची वाढ त्यावर होते. जी गोळी तू वर्षानुवर्षे घेत आलीस तिने तुझी मान वळवलेली नाही. चोर एक होता आणि तू सगळ्या गल्लीला कोंडून ठेवले आहेस.

आता त्या चोराविषयी. मी चौतीस वर्षे प्रसूती विभागात काढली आणि तुझ्यासारख्या मुली अनेक पाहिल्या. मळमळीचा संदेश मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनामार्फत जातो, आणि हे औषध त्या डोपामिनचा मार्ग अडवते, म्हणून उलटी थांबते. पण स्नायूंनी कधी आवळायचे आणि कधी सैल व्हायचे याचा तोलही तेच डोपामिन सांभाळत असते. एखाद्याच्या बाबतीत तो तोल एकाएकी बिघडतो आणि मान, जबडा, जीभ, डोळे यांचे स्नायू आपल्याआपण ओढले जातात. याला डिस्टोनिया म्हणतात. तो बहुधा औषध सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत होतो आणि तरुण स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. दिसायला इतका भयंकर असतो की नवीन परिचारिकाही घाबरतात, परंतु योग्य इंजेक्शन दिले की माणूस अर्ध्या तासात उठून पाणी मागतो. फिटमध्ये आणि यात मोठा फरक तूच लिहिला आहेस : तुझी शुद्ध पूर्ण होती.

एक काम आजच कर. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने त्या औषधाचे नाव आणि ‘यामुळे डिस्टोनिया झाला होता’ असे लिहून ठेव. चक्कर आणि मळमळीसाठी दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिनही याच पद्धतीने काम करते, तेव्हा पुढे कधी दाताच्या डॉक्टरांकडे गेलीस तरी हे सांग.

पंचवटीची_सून
१२ मार्च, सकाळी ९:४०

माझी मान वळली नव्हती, पण याच औषधाचे इंजेक्शन शिरेतून भराभर दिले गेले आणि दोन मिनिटांत मला असे वाटू लागले की अंगातल्या अंगात काहीतरी धावते आहे आणि मी येथून उठून पळाले नाही तर वेडी होईन. मी सलाईनची सुई ओढून काढली. सगळ्यांनी माझ्याच स्वभावाला दोष दिला. हे औषधामुळे होऊ शकते हे मला आज, चार वर्षांनी, कळत आहे.

जुनी_सिस्टर (नाशिकरोड)
१२ मार्च, सकाळी ११:१५

होय, ती अस्वस्थता त्याच औषधाची. म्हणूनच हे इंजेक्शन सावकाश, किमान तीन मिनिटे घेऊन द्यायचे असते. गर्दीच्या वॉर्डात ती तीन मिनिटे कोणाकडे नसतात, हे मी माझ्याच व्यवसायाविरुद्ध लिहीत आहे.

आजीचा_बटवा
१२ मार्च, दुपारी १:३०

या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये. साळीच्या लाह्यांचे पाणी, आल्याचा रस आणि मोरावळा यांवर आमच्या घरातील सर्व बाळंतपणे सुखरूप झाली. सगळ्या गोळ्या बंद केल्यात ते उत्तम केलेत. माझ्याकडे एक काढा आहे, हवा असल्यास पाठवते.

रोखठोक_सिन्नर
१२ मार्च, दुपारी ३:१०

काढ्याचे मला माहीत नाही, पण मूळ मुद्दा बरोबर आहे. थॅलिडोमाइडही मळमळीवर ‘अगदी सुरक्षित’ म्हणूनच दिले जात होते. डॉक्टरांना काय ठाऊक असते आणि काय नसते ते तेव्हा सगळ्या जगाने पाहिले आहे.

खलबत्ता
१२ मार्च, रात्री ९:५०

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, तेव्हा उपचार सुचवणार नाही, पण थॅलिडोमाइडचे नाव निघाले म्हणून ती गोष्ट पूर्ण सांगतो, कारण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते.

ते औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले. तोपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. गर्भावर होणाऱ्या परिणामांची नीट तपासणी न करताच ते विकले गेले होते. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी ‘पुरावा अपुरा आहे’ म्हणून त्याला परवानगी नाकारली. आज गर्भवतीच्या औषधांबाबत जी काळजी घेतली जाते तिचा मोठा भाग त्या घटनेतून आला आहे. येथपर्यंत रोखठोक यांचे म्हणणे खरे.

आता उरलेली अर्धी गोष्ट. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांची एकत्र गोळी अमेरिकेत बेन्डेक्टिन नावाने मिळत असे. थॅलिडोमाइडच्या धास्तीने तिच्यावरही व्यंगांचा आरोप झाला, खटल्यांची रांग लागली, आणि १९८३ मध्ये कंपनीने ती बंद केली. शास्त्रीय पुरावा तिच्या विरोधात नव्हता. ती बंद झाल्यावर जन्मजात व्यंगांचे प्रमाण कमी झाले नाही; मात्र उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या गर्भवतींची संख्या वाढली. तीच जोडी २०१३ मध्ये तेथे नव्या नावाने परत आली. म्हणजे मधली तीस वर्षे तेथील बायकांनी केवळ भीतीपोटी सोसली. आपल्याकडे ती गोळी सर्रास मिळते.

केतकीवन यांचा पहिला प्रश्न बाळाविषयी आहे. मेटोक्लोप्रामाइड पहिल्या तीन महिन्यांत घेतलेल्या मातांच्या ३,४५८ बाळांचा इस्रायलमध्ये अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यंगांचा धोका वाढलेला आढळला नाही. कोणतेही औषध न घेतलेल्या शंभर गरोदरपणांतही दोन-तीन बाळांमध्ये काही ना काही मोठे व्यंग निघतेच, तेव्हा ‘शून्य धोका’ हे वचन कोणीच देऊ शकत नाही. पण आपण घेतलेल्या तीन-चार गोळ्यांनी तो वाढला असे मानायला आधार नाही. ज्याचा त्रास आपल्याला झाला ते मज्जासंस्थेवरचे परिणाम मात्र खरे आहेत, आणि त्यामुळेच युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये या औषधाला जास्तीत जास्त पाच दिवस आणि दिवसाला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली.

आजीचा_बटवा यांच्या लाह्यांच्या पाण्याला आणि आल्याला माझा विरोध नाही. घटक माहीत नसलेल्या काढ्याला आहे, कारण तोही औषधच आहे आणि त्याच्या पट्टीवर तर नावही नसते.

आजीचा_बटवा
१२ मार्च, रात्री १०:२५

थायरॉइडच्या गोळीचे वाक्य मी घाईत वाचलेच नव्हते. ते माझे शब्द मागे घेते, ती गोळी बंद करू नये. लाह्यांच्या पाण्यावर मात्र ठाम आहे.

मखमलाबाद_मोगरा
१३ मार्च, दुपारी १२:००

मला आठव्या महिन्यात रक्तदाब १७०/११० झाला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट द्यायचे ठरले. सुई लावण्यापूर्वी तेथील सिस्टर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘आता तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत आग लागल्यासारखे वाटेल, तोंड लाल होईल, कदाचित मळमळेल. ते औषध जाते आहे म्हणून वाटते, थोड्या वेळाने उतरते. कमरेवर जी दोन इंजेक्शने देईन ती फार दुखतील, तेव्हा ओरडलात तरी चालेल.’

तसेच झाले. भाकऱ्या भाजताना चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखी धग अंगातून गेली, आणि मी मनात म्हटले, हीच ती. त्यानंतर त्या वेळोवेळी येऊन रबराच्या लहानशा हातोडीने गुडघ्याखाली ठोकत, पाय उडाला की मान हलवत, श्वास मोजत आणि लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहून घेत. औषध जास्त झाले तर आधी गुडघ्याचा तो झटका नाहीसा होतो आणि मग श्वासावर परिणाम होतो, म्हणून ही पाहणी. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी उशाशी तयार होती. हेही त्यांनीच सांगितले. माझा त्रास केतकीवन यांच्यापेक्षा कमी नव्हता, पण आज मला त्याची स्वप्ने पडत नाहीत. मला वाटते, त्या खुर्ची ओढून बसल्या त्यामुळे.

गिरणारेकर
१३ मार्च, रात्री ८:१५

बायकांच्या धाग्यावर लिहितो आहे, क्षमस्व. आमच्या सौभाग्यवतींना रक्तदाबासाठी लॅबेटालॉल सुरू झाले आणि दोन दिवसांनी त्या म्हणू लागल्या की डोक्याच्या कातडीवर मुंग्या चालत आहेत. मी बॅटरी घेऊन केस विंचरून पाहिले, आईने उवांची फणी काढली, आणि शेवटी फोनवर डॉक्टर हसून म्हणाले की हा त्या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम आहे. मी मात्र त्याआधी एक गोळी चुकवायला सांगितली होती. त्यावर ते हसले नाहीत. रक्तदाबाची गोळी मनाने थांबवली तर रक्तदाब उसळू शकतो, आणि मुंग्यांपेक्षा तो फार वाईट, असे त्यांनी सुनावले.

ओझरची_पाहुणी
१४ मार्च, सकाळी १०:३०

एक सावधगिरी लिहिते. लवकर प्रसूतीची शक्यता होती म्हणून बाळाच्या फुप्फुसांसाठी मला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली होती. त्यानंतर एक-दोन दिवस बाळाची हालचाल कमी वाटू शकते, असे मी कोठेतरी वाचले होते, आणि त्या भरवशावर रात्रभर घरी बसून राहिले. सकाळी डॉक्टर रागावले. कारण औषध असो वा नसो, हालचाल कमी वाटली की तपासून घ्यायचेच, ठोके मशीनवर पाहायचेच. माझे बाळ ठीक होते. पण ‘हा दुष्परिणामच असेल’ अशी समजूतही भीतीइतकीच फसवी असू शकते.

जुनी_सिस्टर (नाशिकरोड)
१४ मार्च, सायंकाळी ५:४५

ओझरच्या ताईंचे म्हणणे सोन्यासारखे आहे, म्हणून त्यालाच जोडून लिहिते. लोहाच्या गोळीने शौच काळी होणे किंवा प्रोजेस्टेरॉनने गुंगी येणे हे सहन करत पुढच्या तपासणीला सांगितले तरी चालते. परंतु ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, अंगभर गांध्या उठणे, मान-जबडा ओढला जाणे, आकडी, रक्तस्राव, थांबत नसलेली डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. आणि केतकीच्या सासूबाईंनी केले तेच करायचे : गोळ्यांची पट्टी बरोबर न्यायची. त्या पट्टीने तुझे निदान एका मिनिटात झाले, नाही तर फिटच्या तपासण्या करण्यात रात्र गेली असती.

खलबत्ता
१४ मार्च, रात्री १०:१०

पट्टीवरून आठवले, तिच्यावरचा बॅच क्रमांक टिपून ठेवा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो. अर्ज मराठीतही मिळतो. औषधामुळेच झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली नसते, नुसता संशय पुरतो. ही कोणाविरुद्ध तक्रार नव्हे. पंचवटीच्या ताईंसारख्या चार वर्षे स्वभावाला दोष घेत बसलेल्या बायका अशा नोंदींमुळेच आकड्यांत दिसू लागतात.

पंचवटीची_सून
१५ मार्च, सकाळी ८:२०

आज नोंद केली. पट्टी, बॅच काहीच नव्हते, तरी पलीकडच्या व्यक्तीने सगळे शांतपणे लिहून घेतले.

केतकीवन (इंदिरानगर)
२९ मार्च, रात्री १०:५०

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच सकाळी यजमानांना सगळे सांगितले आणि आम्ही एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. रक्तात टीएसएच वाढलेले निघाले, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक कमी पडत होते. त्या रागावल्या नाहीत, थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू करून मात्रा वाढवली, आणि लोह-कॅल्शियम सुरू होईल तेव्हा ते हिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यायचे असे बजावले. उलट्यांसाठी डॉक्सिलामिन आणि ब-६ ची गोळी रात्री झोपताना दिली आहे. या वेळी मीच विचारले की हिने काय काय होऊ शकते. त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिले : झोप येईल, तोंडाला कोरड पडेल, सकाळी गुंगी असेल तर स्कूटर चालवू नका.

तिसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली, जीभ टाळूला चिकटली होती. हात सवयीने जबड्यावर गेला. मग ती चिठ्ठी आठवली, उठून तांब्याभर पाणी प्यायले आणि दिवा न लावता झोपले. आता उलट्या दिवसाला दोन-तीन आहेत, वजन अर्धा किलो वाढले आहे. डोळे मिटताना अजून कधीकधी पंख्याची पाती दिसतात.

फाइलवर लाल शाईने लिहायचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले. त्यांनी ‘मेटोकोलप्रामाईट’ असे लिहिले आहे आणि शंका नको म्हणून त्या रिकाम्या पट्टीचा तुकडा कापून खाली चिकटपट्टीने चिकटवला आहे. काल नवीन गोळ्या आणायला त्या स्वतः मेडिकलवर गेल्या होत्या. दुकानदाराने पट्टी पुढे केली तेव्हा त्यांनी ती हातात घेण्याआधी विचारले, ‘ही मान वाकडी करणारी नाही ना?’